एकोणीस बुड्या आणि एक पाठ

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (माझ्या खोलीत साष्टांग घालण्याइतकी जमीन शिल्लक नाही. अर्ध्या जमिनीवर ओले पोशाख वाळत पडलेत आणि अर्ध्यावर रबरी नळ्या. तेव्हा नमस्कार खुर्चीतूनच आहे, भाव मात्र आडवा आहे असं समजावं.) तुमचा गुडघा कसा आहे? उजव्या डोळ्यातून येणारं पाणी थांबलं का? डॉक्टरांनी भिंगाच्या डोळ्याला महिनाभर आराम द्यायला सांगितला, तर तुम्ही दुसऱ्याच दिवशी भिंग डाव्या डोळ्याला लावून कामाला बसलात असं बाबांकडून कळलं. त्यावर मी आज काही बोलत नाही. एका पत्रात दोन भांडणं नकोत.

हो, हे भांडणच आहे. म्हणून तर 'तुम्ही' लिहिते आहे. समोर असते तर 'अगं आत्या, ऐक ना तू' असं सुरू झालं असतं आणि तिसऱ्या वाक्याला माझ्या हातात फडकं येऊन मी काचा पुसत बसले असते. फोनवरही तेच. तुम्ही पलीकडून 'हं, पुढे?' म्हणता आणि तेवढ्याने माझं पुढचं सगळं विसरायला होतं. पत्रात तुम्हाला 'हं' म्हणता येत नाही, ही पत्राची मोठीच सोय आहे.

तुमचं कार्ड मंगळवारी मिळालं. 'सही कर. हट्ट सोड. नाहीतर घरी ये.' सात शब्द. (मी तीनदा मोजले. खाली नाव नव्हतं, पण 'हट्ट'मधल्या जोडाक्षराची टोपी अशी उडालेली दुसऱ्या कुणाच्या हातून जमणार नाही.) माझं उत्तर तर सहाच शब्दांचं आहे. करणार नाही, सोडणार नाही, येणार नाही. पण सहा शब्द लिहून लिफाफा चिकटवायची हिंमत मला होईना. आपण उर्मट तर दिसणार नाही, तुमचा रक्तदाब तर वाढणार नाही, या काळजीपोटी पुढची पानं लिहिते आहे. कारणं वाचा आणि मग रक्तदाब वाढवायचा की नाही ते ठरवा.

साहेबांनी तुम्हाला काय लिहिलं असेल ते मला अंदाजाने ठाऊक आहे. (नोकरीच्या अर्जात 'जबाबदार नातेवाईक' या रकान्यात तुमचं नाव मीच घातलं होतं. बाबांचं घातलं असतं तर चष्मा सापडेपर्यंत पत्र बाजूला राहिलं असतं आणि हे प्रकरण तिथेच मिटलं असतं.) मुलगी गुणी आहे, कष्टाळू आहे, पण एका क्षुल्लक वाक्यावरून अडून बसली आहे, तुम्ही समजवाल तर बरं. असंच ना? मग ते वाक्य काय, ते क्षुल्लक का नाही, आणि मी अडून बसले म्हणजे नेमकी कुठे बसले, हे क्रमाने सांगते.

साहेब पंचवीस वर्षं पाण्याखाली फोटो काढताहेत. मोठे मासे, कासवं वगैरे सगळं त्यांचं काढून झालं. आता त्यांचं पुस्तक निघतं आहे ते इथल्या समुद्रातल्या अशा जिवांचं, जे बोटाच्या पेरापेक्षा मोठे नाहीत. असे एकशे बारा. मी त्यांची सहायक. कॅमेऱ्याच्या पेट्या धुणं, टाक्या भरून आणणं, फोटोखालच्या ओळी लिहिणं हे माझं काम, आणि गेल्या वर्षापासून फोटोही. एकशे बारांतले एकतीस माझे आहेत. (बत्तीस म्हणता आले असते, पण एकात बटण साहेबांनी दाबलं होतं.)

तुम्हाला वाटतं मी इथे पोहत असते. पोहणाऱ्याला कुठेतरी जायचं असतं. आम्हाला कुठेही जायचं नसतं आणि तेच अवघड आहे. पाठीवर हवेची टाकी, कमरेला शिशाची वजनं, आणि या दोन्हींचा मेळ असा घालायचा की माणूस वर तरंगू नये, खाली बसू नये, बंद पडलेल्या लंबकासारखं जागच्या जागी टांगलेलं राहावं. उरलेलं बारीक काम श्वासाचं. श्वास घेतला की चार बोटं वर, सोडला की चार बोटं खाली. आता यात माझी काय फजिती झाली असेल ते तुम्ही ओळखायला हवं, कारण ती तुमच्यामुळे झाली. सहा वर्षांची असल्यापासून तुम्ही मला एकच शिकवत आलात. बारीक वस्तू दिसली की श्वास रोखायचा. घड्याळातली केसासारखी कमान चिमट्यात असताना श्वास सुटला की कमान टेबलाखाली, आणि मग आपण दोघी लोहचुंबक घेऊन गुडघ्यांवर. आणि इथला पहिला नियम, पहिल्या दिवशी पहिल्याच वाक्यात सांगितलेला: श्वास कधीही रोखू नका. (कारण फुप्फुसांशी संबंधित आहे. सविस्तर लिहिलं तर तुम्ही उद्याच मला न्यायला याल.) मी तो वहीत लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. मग पाण्यात गेल्यावर शिकवणाऱ्या बाईंनी दगडावरची एक गोगलगाय दाखवली. नखाएवढी, निळी, अंगावर पिवळी नक्षी. माझ्या हातात काही उरलं नाही. छाती भरून श्वास घेतला गेला आणि तिथेच थांबला. गोगलगाय माझ्यापासून खाली खाली जायला लागली. मला वाटलं, काय चपळ जात आहे! ती जागेवरच होती. मी निघाले होते. बाईंनी माझ्या पायातला रबरी पंखा धरून मला पतंगासारखं खाली ओढलं. असं तीनदा झालं. वर आल्यावर त्यांनी विचारलं, 'आधी कुठे शिकलात?' मी म्हटलं, 'घड्याळाच्या दुकानात.' त्यांनी माझ्या कमरेला आणखी एक वजन अडकवलं.

(ती सवय मोडायला चार महिने लागले. आता मनात टिकटिक मोजते, चार ठोक्यांत आत, सहा ठोक्यांत बाहेर. म्हणजे एक सवय मोडायलाही तुमचीच दुसरी सवय वापरावी लागली. याचं श्रेय घ्या, पण आजच्या भांडणात ते धरू नका.)

कॅमेऱ्याच्या पेटीचं तर विचारूच नका. पेटीच्या तोंडाला एक रबरी कडं असतं, बांगडीएवढं. त्याच्यावर एक केस जरी पडला तरी पाणी आत शिरतं आणि कॅमेरा गेला. मी ते कडं भिंगाखाली सातदा तपासते. होडीवाला म्हणतो, 'ताई, एवढ्या वेळात मी दोन कॅमेरे बुडवून नवीन घेऊन आलो असतो.' म्हणू दे. माझ्या हातून आजवर एक थेंब आत गेलेला नाही. आणि पेटी बंद करताना मी केसांना टोपी घालते, भुवयांनाही पट्टी लावून पाहिली, पण मग दिसेना.

आता तंत्र. तुम्हाला ते पटेल, कारण ते आपल्याच धंद्यातलं आहे. इतक्या जवळून फोटो काढताना जेवढं स्पष्ट येतं त्याची जाडी नखापेक्षाही कमी असते. डोळा स्पष्ट आला तर नाक पुसट, नाक साधलं तर डोळा गेला. मग भिंग फिरवत बसायचं नाही. ते एका अंतरावर पक्कं करायचं आणि आपणच, टाकी-वजनांसकट अख्खा देह, केसभर पुढे, केसभर मागे, असं डुलायचं. डोळा नेमका त्या जागी आला की बटण. तुम्ही काटा बसवताना हात स्थिर ठेवता आणि मान पुढे-मागे करता ना, तेच. उजेडाचंही तसंच. साठ फूट खाली लाल रंग उरतच नाही. (बोट कापलं तर रक्त हिरवट दिसतं. पाहिलं आहे. बाबांना सांगू नका.) रंग हवे असतील तर उजेड बरोबर न्यावा लागतो, आणि तो समोरून टाकला की पाण्यातला सगळा कचरा उजळून फोटोत बर्फ पडल्यासारखं होतं. म्हणून दिवे दोन्ही बाजूंना लांब काढून तिरके ठेवायचे. काचेवरची चीर शोधताना तुम्ही दिवा आडवा धरता, मी तसंच केलं आणि साहेबांनी विचारलं, 'हे कुणी शिकवलं?' मी तुमचं नाव सांगितलं. त्यांनी तुम्हाला पत्र लिहिलं ते बहुधा त्या दिवसापासून तुम्हाला थोर समजत असल्यामुळे.

पुस्तकाच्या मुखपृष्ठावर चिमुकला समुद्रघोडा हवा होता. चिमुकला म्हणजे किती? बायकांच्या मनगटी घड्याळातल्या मिनिटकाट्याएवढा. तो जाळीदार पंख्यासारख्या एका लाल प्रवाळावर शेपटी गुंडाळून राहतो, आणि त्या पंख्याच्या फांद्यांवर जशा गाठी तशाच हुबेहूब गाठी त्याच्याही अंगावर. पहिले तीन दिवस मी ज्याचे फोटो काढले तो घोडा नव्हताच, गाठ होती. चौथ्या दिवशी तिच्या शेजारची गाठ चालायला लागली तेव्हा उलगडा झाला.

आणि त्याचा स्वभाव असा, की उजेड दिसला की पाठ फिरवायची. डावीकडून गेलं की उजवीकडे तोंड, उजवीकडून गेलं की डावीकडे. वरून गेलं की मान खाली. आपल्या मोठ्या काकूंनी बाबांशी अकरा वर्षं अबोला धरला होता, त्यात एवढी चिकाटी होती असं मला आता वाटत नाही. मी स्वतःला नियम घालून घेतला होता, एका बुडीत पाचच फोटो. उगाच त्याच्या डोळ्यांवर दिवे मारायचे नाहीत. चाळीस मिनिटं थांबायचं, पाच फोटो, वर यायचं. गाठीचे तीन दिवस सोडून अशा एकोणीस बुड्या. पंचाण्णव फोटो. पंचाण्णव वेळा पाठ. ती पाठ मला आता तोंडपाठ आहे. वर आलं की होडीवाला हात देताना रोज विचारायचा, 'काय ताई, आज तरी तोंड दाखवलं?' मी म्हणायची, 'नाही हो, पाठच.' शेवटी त्याला माझी दया आली. म्हणाला, 'मग पाठच छापा. आमच्या साडूचा घरात एकच चांगला फोटो आहे, तो पाठमोराच आहे.'

विसाव्या बुडीला साहेब बरोबर आले. इथे सगळ्यांकडे हातभर लांबीची एक पोलादी सळई असते. वाळूत रोवून स्वतःला स्थिर करायला, किंवा टाकीवर टकटक करून दुसऱ्याला बोलवायला. तिचं कंपनीने ठेवलेलं नाव काहीही असो, आम्ही तिला टोचणी म्हणतो. साहेबांनी टोचणीने पंख्याची फांदी अडकवून स्वतःकडे वळवली. घोडा फिरला. मग टोचणीच्या टोकाने त्याला हळूच पोटाशी ढकललं. घोडा पुन्हा फिरला, समोर आला. अकरा फोटो. सगळं मिळून एक मिनिटही लागलं नसेल. मी ओरडले. पण पाण्याखाली ओरडलं की नुसते बुडबुडे येतात, आणि साहेबांना वाटलं मला आनंद झाला. त्यांनी अंगठा आणि तर्जनी जुळवून 'झकास' अशी खूण केली. मागे घोड्याची शेपटी फांदीवरून सुटली होती. तो प्रवाहात गरगरत निघाला होता, सुटलेल्या काट्यासारखा. दीड हात लांब गेल्यावर त्याला पंख्याची कड सापडली. नसती सापडली तर? हा प्रश्न मला त्या दिवशी जेवताना पडला, दुसऱ्या दिवशी टाक्या भरताना पडला, आणि आत्ता हे लिहितानाही पडला आहे.

फोटो सुंदर आला आहे. हे मी कबूल करते. खोटं कशाला बोलू.

आता ते वाक्य. पुस्तकाच्या पहिल्याच पानावर आहे. 'या पुस्तकातील एकाही जिवाला न हलवता, न डिवचता सर्व छायाचित्रे घेतली आहेत.' खाली दोन सह्या, साहेबांची आणि सहायकाची. पानं मीच टाइप करत होते. 'एकाही जिवाला'च्या पुढे मी कंसात टाकलं, '(मुखपृष्ठावरचा सोडून)'. साहेबांनी लाल रेघ मारून परत पाठवलं. मला वाटलं, कंसाची जागा आवडली नसेल. मी ते वाक्याच्या शेवटी टाकलं. पुन्हा लाल रेघ. तिसऱ्यांदा मी तळटीप केली, तेव्हा बोलावणं आलं.

साहेब खिडकीशी बसून टोचणी पुसत होते. म्हणाले, 'अगं, किती मिलिमीटर हलवला मी त्याला?'

'मोजलं नाही, सर.'

'मग?'

'पण हलवला.'

'वाचणाऱ्याला काय फरक पडतो?'

'वाचणाऱ्याला नाही पडत. म्हणूनच तर त्याला फसवता येतं.'

'तुला एवढी टोचणी कसली लागली आहे गं?'

त्यावर मी म्हटलं, 'सर, एक टोचणी तुमच्या हातात आहे आणि एक माझ्या मनात. तुमची फडक्याने पुसता येते.' (खरं सांगायचं तर हे वाक्य मला नंतर जिन्यात सुचलं. खोलीत मी 'सॉरी सर' एवढंच म्हणाले आणि सही न करता बाहेर आले. पण जिन्यात ते मी मोठ्याने म्हटलं आणि झाडणाऱ्या मावशींनी ऐकलं, म्हणजे साक्षीदार आहे.)

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला जिन्यातच गाठलं. त्यांना राग आला नव्हता, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. हसत म्हणाले, 'पंचवीस तारखेला पुस्तक छापायला जाणार. तोवर हात न लावता घोड्याचं तोंड घेऊन ये. मुखपृष्ठ तुझं, वाक्य खरं, दोघं सही करू. नाही आणलंस तर आहे तसं सही कर. तेही नसेल करायचं तर तुझ्या जागी दुसरं कुणी येईल, मला इलाज नाही.' आणि मग त्यांनी तुम्हाला पत्र लिहिलं, आणि तुम्ही मला सात शब्द.

आत्या, तुमच्याकडून ते सात शब्द यावेत? तुमच्याकडून? माझं अक्षरज्ञान पाटीवर झालं नाही, तबकडीवर झालं. शाळेत घालायच्या आधी मला बारापर्यंत रोमन आकडे येत होते, आणि पहिल्याच चाचणीत मी चार हा आकडा चार उभ्या रेघांनी लिहिला, कारण घड्याळाच्या तबकडीवर तो तसाच असतो. गुरुजींनी चूक दिली. एक रेघ आणि पुढे व्ही, हेच बरोबर, असं ते म्हणाले. मी रडत घरी आले. तुम्ही दुकान अर्धं उघडं टाकून शाळेत आलात, शिक्षकांच्या खोलीत स्टुलावर चढलात, भिंतीवरचं शाळेचंच घड्याळ उतरवलंत आणि गुरुजींच्या टेबलावर ठेवलंत. 'याला पण शून्य द्या,' असं म्हणालात. (घड्याळ सात मिनिटं मागे होतं. तेही तुम्ही तिथेच नीट करून दिलंत, आणि त्यामुळे शाळा सात मिनिटं लवकर सुटली. मुलं मला महिनाभर मान देत होती.) तेव्हा हट्ट कुणी सोडला होता? चार रेघांसाठी तुम्ही शाळा हलवली, आणि मी चार शब्दांसाठी अडले तर 'हट्ट सोड'?

आणि सहीचं तर मला तुम्ही बोलूच नका. दुरुस्त केलेल्या प्रत्येक घड्याळाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तुम्ही सुईने एक बारीक खूण ओरखडता. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही. पुढच्या कारागिराने झाकण उघडलं तरच दिसते, तेही भिंगातून. आठव्या वर्षी मी न विचारता एका घड्याळावर ती खूण करून ठेवली होती. मला वाटलं मदत झाली. त्या घड्याळाला तुम्ही नुसतं तेल दिलं होतं, दुरुस्त केलं नव्हतं. तुम्ही पाऊण तास बसून ते झाकण घासून खूण घालवलीत, आणि मला समोर बसवून ते बघायला लावलंत. जे आपण केलं नाही त्याच्यावर आपली खूण नाही. मला हे कुणी शिकवलं? साहेबांनी नाही. आता तुमच्याच हाताने तुम्ही मला लिहिता, सही कर. मी ते कार्ड भिंगाखाली धरून पाहिलं, तुमच्यावर कुणी दबाव आणून लिहवून घेतलं आहे का म्हणून. दबाव फक्त बॉलपेनवर दिसतो आहे.

राहिलं 'घरी ये'. दुकानात खुर्ची रिकामी आहे, तुमचा डोळा गळतो आहे, बाबा म्हणतात मुलीने पाण्यात राहू नये. सगळं मला कळतं. आणि मला भीती वाटत नाही असंही समजू नका. टाकीत हवा किती उरली ते मी दर दोन मिनिटांनी पाहते. होडी निघून गेली असेल असं मला प्रत्येक वेळी वर येताना वाटतं. (एकदा गेलीही होती. ऐंशी पावलांवर. होडीवाल्याला डुलकी लागली होती.) नोकरी गेली तर काय, या विचाराने गेले चार दिवस मी महिन्याचा हिशोब रोज नव्याने मांडते आहे. पण भीती वाटते म्हणून सही करायची असेल तर मग मी प्रत्येकच कागदावर सही करेन, कारण मला प्रत्येकच गोष्टीची भीती वाटते. मी घरी येणार नाही. पंचवीस तारखेपर्यंत रोज खाली जाणार. त्याने तोंड दाखवलं तर ठीक. नाही दाखवलं तर मी साहेबांच्या टेबलावर त्याची पाठ ठेवणार, आणि सांगणार, की ज्याला आपला फोटो नको आहे त्याचा हाच खरा फोटो आहे. मग त्यांना माझ्या जागी कुणाला ठेवायचं त्याला ठेवू देत.

मला कुणाचीही मदत नको. माझं मी बघेन. बाबांना नमस्कार, आणि डाव्या डोळ्यालाही आराम द्या.

तुमची आज्ञा या खेपेपुरती न पाळणारी,

भाची

ता. क. वरचं सगळं खरं आहे, पण पुरेसं खरं नाही, असं पुन्हा वाचताना ध्यानात आलं. सातव्या बुडीत प्रवाहाने मला ढकललं आणि माझं कोपर पंख्याला लागलं. एक फांदी तुटली, करंगळीएवढी. कुणी पाहिलं नाही. घोडा तिच्यावर नव्हता, शेजारच्या फांदीवर होता. पण ते 'न हलवता' यात बसत नाही. काल जाऊन साहेबांना सांगितलं, की तळटीपेत आता हेही घालावं लागेल: '(आणि एक फांदी सोडून, सहायकाच्या कोपराने)'. त्यांनी डोक्याला हात लावला. म्हणाले, 'म्हणजे आता तुझ्या चुकाही मीच छापायच्या?' मी म्हटलं, 'हो सर.' (हे खरंच खोलीत म्हटलं, जिन्यात नाही.) तेव्हा तोंडाचा फोटो मिळाला तर घोडा तळटीपेतून निघेल, फांदी राहील, आणि त्या वाक्यावर मी आनंदाने सही करेन. साहेब म्हणाले, 'आधी तोंड तर आण.'

ता. क. २. आत्या, एक अगदी छोटं काम होतं. रागावू नकोस. लिफाफ्याच्या कोपऱ्यात कापसात गुंडाळून एक चाक ठेवलं आहे. ते हरवू नको, फडक्यावर उघड. कॅमेऱ्याच्या पेटीला बाहेरून एक मूठ असते, ती फिरवली की हे चाक आतल्या भिंगाला फिरवतं. पेटी स्वच्छ करताना मी ते काढलं (जे उघडता येतं ते उघडून पाहावं, हे तुझंच), बसवताना जोर दिला आणि दोन दाते गेले. आता मूठ फिरते, भिंग जागेवरच, आणि खाली गेल्यावर एकदा तरी ते नेमक्या अंतरावर आणून पक्कं करायला मूठ हवीच. कंपनी म्हणते नवीन चाक सहा आठवड्यांनी येईल. माझ्याकडे तेरा दिवस आहेत. तसंच नवीन कापून देशील का? पितळेचं चालेल. बावीस दाते आहेत, गेलेले दोन धरून. मला माहीत आहे तुझा डोळा बरा नाही. मला माहीत आहे मी वर काय लिहिलं आहे. गुरुवारच्या टपालात पडलं तर मला अजून पाच बुड्या मिळतील. नाही म्हणालीस तरी मी रागावणार नाही, पण नाही म्हणू नकोस.

ता. क. ३. पत्र टाकायला निघाले होते, पण जाता जाता कॅमेऱ्याशिवायच एक बुडी मारून आले. नुसती त्याला बघायला. दिवे नाहीत, काही नाही. मी पंख्यासमोर टांगलेली, चार ठोके आत, सहा ठोके बाहेर. दहा मिनिटांनी तो वळला. आपणहून. माझ्याकडे तोंड करून अकरा मिनिटं बसला, आत्या, मी घड्याळ लावून मोजली. तो उजेडाला पाठ दाखवत होता, मला नाही. तेव्हा आता कसं करायचं ते मला कळलं आहे, दिवे शेवटच्या क्षणापर्यंत बंद ठेवायचे. भिंग फिरलं की झालं, म्हणून चाक लवकर पाठव. अडचण एकच आहे. गाल फुगलेले, ओठांचा चंबू, आणि नजर अशी की समोरच्याने आपला वेळ फुकट घालवला. तो थेट साहेबांसारखा दिसतो. मुखपृष्ठावर हे तोंड पाहिल्यावर 'पाठच बरी होती गं' असं ते स्वतः म्हणाले तर मी काय करू?